धरून ठेव हं

आमच्याकडे फोन नव्हता, खोपकरांकडे होता.
वर्तकनगर, तिसरा मजला, आमच्यापासून चार दारं पुढे.
मी इझमीरला, चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात,
वागळे इस्टेटच्या कंपनीचे सहा पंप बसवायला.
दर रविवारी बंदरावरच्या बूथमध्ये
शंभर युनिटांचं कार्ड सरकवायचो.

खोपकर वहिनी म्हणायच्या, "धरून ठेव हं,"
आणि रिसीव्हर टीव्हीवरच्या क्रोशाच्या रुमालावर आडवा.
मग गॅलरीतून हाक. मग काहीच नाही.
मग आईच्या स्लिपरा.
डावी जास्त वाजायची,
तिचा अंगठा तुटलेला, सेफ्टीपिन लावलेली.
चार दारं यायला तिला अकरा युनिटं लागत.
त्या अकरा युनिटांचे पैसे मी भत्त्यातून भरलेत.
काचेबाहेर ताटकळणाऱ्याला वाटायचं,
हा बोलत का नाही?

आवाज उशिरा पोचायचा.
मी हो म्हणेपर्यंत तिनं पुन्हा विचारलेलं असायचं,
जेवलास का?

एका रविवारी फोन म्हाताऱ्यानं उचलला.
खोपकर आजोबा, एका कानानं बहिरे, दुसऱ्यानं हट्टी.
"कोण, अरू? तिकडे पाणी किती वाजता येतं?"
आजोबा, आईला बोलवा ना.
"किती वाजता?"
चोवीस तास.
"थट्टा करू नकोस म्हाताऱ्याची."

आणि सुरू झाले. मोटार नुसती घूं घूं करते,
तीन दिवस पाणी वर चढलेलं नाही,
प्लंबर अडीचशे मागतो,
कासारांच्या सुनेला आठवा लागलाय तरी खालून हंडा आणते,
तुझी आई काल दोन बादल्या घेऊन जिन्यात बसली होती.
"आणि तू बसव तिकडे तुर्कांचे पंप!"

चौसष्ट. त्रेसष्ट.
मी ओरडलो, आजोबा, फूट व्हॉल्व्ह!
"कुठला हॉल?"
व्हॉल्व्ह! टाकीच्या तळाशी, पाइपाच्या टोकाला.
कचरा अडकला असेल. काढा, धुवा,
मग वरून पाणी भरून प्रायमिंग करा.
"थांब, लिहून घेतो. धरून ठेव."
पेन्सिल शोधायला एकोणीस युनिटं.
मागे कुकरच्या दोन शिट्ट्या, कुणाचं तरी भांडण,
भांडणारा माणूस मला ओळखू येत होता.
मग आजोबांनी एकेक अक्षर पुन्हा विचारलं,
फ ला ऊकार पहिला की दुसरा?
कार्ड "प्राय" वर संपलं.
आई त्या वेळी चार दारांपलीकडे तांदूळ निवडत होती.

पुढच्या रविवारी म्हणाली,
म्हाताऱ्यानं तो कागद सगळ्या मजल्यांवर नाचवला.
चढलं पाणी.
लोक म्हणतात, अरूच्या फोनचं पाणी.
मग, जेवलास का?

आता लिस्बनला आलोय. कंपनीच्याच कामाला, बहुधा शेवटच्या.
फोन फुकट झालेत.
घंटी पुरती वाजायच्या आत नीलिमा दिसते,
तिच्या मागे तेविसावा मजला, आणि धुक्यात येऊर.
इमारत पाडून तिथंच हा टॉवर उभा राहिला.
खोपकरांची चार दारं हवेत नेमकी कुठे होती,
मला अजून अंदाजानं दाखवता येतं.
जेवलास का विचारलं तर मी ताटच दाखवतो.
चार मिनिटांत सगळं सांगून होतं,
मग आम्ही एकमेकांकडे बघत बसतो.

काल म्हटलं, एक करशील?
फोन ओट्यावर ठेव, आतल्या खोलीत जा
आणि चालत ये.
"कशाला?"
असंच.

तिनं ठेवला. छत दिसलं, पंख्याचं दीड पातं.
मी फोन कानाला लावून खिडकीशी उभा.
घरात ती अनवाणी असते, हे माझ्या लक्षातच नव्हतं.
काही ऐकू आलं नाही.
बराच वेळ नाही.
मग इंटरकॉम वाजला, आणि लांबून तिचा आवाज,
"अरे, खाली टँकर आलाय, सही द्यायचीय.
धरून ठेव हं."

धरला.